गावाचे ऋण

स्मरणिकेसाठी लेख द्या असा आग्रह आपले संपादक मंडळ दरवर्षी करते आणि मी दरवर्षी पावसाळ्याच्या कामाचे निमित्त सांगून सुटका करून घेतो. रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यात वीसेक वर्षे घालवलेल्या डिप्लोमावाल्या माणसाने लिहायचे तरी काय, असेही वाटते. या वर्षी मात्र लिहावेसे वाटले. त्याला दोन कारणे झाली.

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याला मेहुण्यांकडे गेलो होतो. कर्वे रस्त्यावर रिक्षा अडकली, तेव्हा माझ्या मुलाने हे कर्वे कोण म्हणून विचारले. त्याचा जन्म इथला, खरगपूरचा. घरात मराठी बोलतो, पण दुकानाच्या पाट्या वाचताना अडखळतो. स्त्रीशिक्षणाचे काम केलेले थोर समाजसुधारक, भारतरत्न, एवढे मी सांगितले आणि पुढे काही सुचेना. शाळेत धडा होता, मार्कही मिळाले होते, पण माणूस ठाऊक नव्हता. येताना मेहुण्यांच्या कपाटातून कर्व्यांचे आत्मवृत्त मागून आणले आणि पावसाळ्यात रात्रपाळीला थोडे थोडे करून वाचले. दुसरे कारण म्हणजे गावाहून आलेला एक फोन. त्याबद्दल शेवटी सांगतो.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली येथे, आजोळी झाला. घर मुरूडचे. दापोलीजवळ समुद्रकाठी वसलेले हे गाव. नारळी-पोफळीच्या बागा, मध्ये दुर्गादेवीचे देऊळ. आज सुट्टीत तिथे पर्यटकांच्या गाड्या लागतात. त्या काळी मात्र मुरूडहून कुठेही जायचे तर होडी नाहीतर पाय, एवढीच वाहने. कर्व्यांचे घराणे एके काळी सधन होते, पण धोंडूच्या वेळेपर्यंत सगळे ओसरले होते. वडील केशवपंत दुसऱ्यांकडे कारभारी म्हणून नोकरी करत. पगार तुटपुंजा. आई लक्ष्मीबाई. घरात ओढग्रस्त होती, पण मिंधेपणाने वागायचे नाही ही घरची शिस्त होती.

शाळा गावातली मराठी शाळा. तिथे मुलाला एक शिक्षक भेटले, विनायक लक्ष्मण सोमण. पुस्तक शिकवून घरी जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. शिकलेल्या माणसाने गावाच्या उपयोगी पडले पाहिजे हे त्यांच्या मनाने घेतले होते आणि तेच त्यांनी पोरांच्या मनात रुजवले. गावात वर्तमानपत्र यायचे, पण वाचता येणारी माणसे थोडी. मग धोंडूने देवळात बसून जमलेल्या मंडळींना ते मोठ्याने वाचून दाखवायचे. मला या पुस्तकातले हे सर्वांत आवडलेले चित्र. समया लावलेल्या, शेतातून आणि बागेतून दमून आलेले लोक खांबाला टेकून बसलेले, आणि एक किडकिडीत, लाजाळू मुलगा जगातल्या घडामोडी वाचतो आहे. धोंडू स्वभावाने फार भिडस्त होता. चार माणसांत तोंड उघडायला घाबरणाऱ्या या मुलाला गावाने श्रोते दिले. त्याने गावाला वाचून दाखवले. गावात राहून शिकणारा विद्यार्थी आणि गाव यांची देवाणघेवाण इतक्या लहान वयात सुरू झाली होती.

पुढे 1875 साल आले. मराठी सहावीची परीक्षा तेव्हा सरकारी नोकरीचे दार उघडणारी होती. ती पास झाली की मास्तरकी किंवा कारकुनी मिळण्याचा मार्ग मोकळा व्हायचा. परीक्षेला मुरूडहून साताऱ्याला जायचे ठरले. बरोबर गावातले सोबती. अंतर 110 मैल. दिवस पावसाचे. सामान पाठीवर घेऊन ही मुले चालत निघाली.

आम्हा रेल्वेवाल्यांना अंतर किलोमीटरमध्ये मोजल्याशिवाय चैन पडत नाही. 110 मैल म्हणजे 177 किलोमीटर. खरगपूरहून निघून जवळजवळ भद्रकपर्यंत. आपण एक्स्प्रेसमध्ये बसतो, चहा आणि झालमुरी होते न होते तोवर भद्रक येते. ही मुले चिखलातून, ओढ्यांतून, मध्ये सह्याद्री चढून चालली. मी पाटण तालुक्यातला. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येणारा रस्ता आमच्याच तालुक्यातून जातो. त्या बाजूचा पाऊस कसा असतो हे मी सांगू शकतो. छत्रीचा उपयोग नसतो. इरले घेतले तरी गुडघ्याखाली माणूस भिजलेलाच. पावसाळी गस्तीवर रात्री आमचा पेट्रोलमन हातात दिवा घेऊन चालतो तेव्हा त्याच्या पायाखाली निदान रूळ असतो, वाट चुकायची भीती नसते. या मुलांच्या पायाखाली तेवढेही नव्हते.

मजल दरमजल करत मुले साताऱ्याला पोहोचली. परीक्षेला बसण्यासाठी वय 17 पूर्ण लागत असे. धोंडूचे ते झाले होते, पण अंगकाठी इतकी लहान की परीक्षा घेणाऱ्यांना ते खरे वाटेना. त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. एवढे चालून आलेल्या मुलाला दारातूनच परत पाठवले आणि तो आल्या वाटेने मुरूडला परतला.

हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. माझ्या हाताखाली नवीन भरतीची पोरे येतात. कुणाचा एक कागद कमी असतो, कुणाच्या नावात एक अक्षर चुकलेले असते आणि गडी परत जातो. नियम नियमच असतात, आपणही तेच सांगतो. पण तो किती लांबून आला होता हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

धोंडू हरला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो पास झाला. मास्तरकी पत्करून मुरूडलाच राहिला असता तरी कुणी नाव ठेवले नसते. पण त्याला इंग्रजी शिकायचे होते. त्यासाठी रत्नागिरी, मध्ये आजारपण, मग मुंबई असा प्रवास झाला. 1881 मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा वय 23. 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाला तेव्हा 26. आपल्याकडे मुलगा एक वर्ष मागे पडला तर आईबाप हवालदिल होतात, म्हणून ही वये मुद्दाम लिहिली.

मुंबईत पोट भरण्यासाठी कर्वे पहाटेपासून शिकवण्या करत आणि मुलींच्या शाळांत गणित शिकवत. मिळकतीतला काही वाटा आधी बाजूला काढायचा आणि तो लोकांच्या कामासाठी वापरायचा हा नेम त्यांनी हाती पैसा नसतानाच लावून घेतला. गावही विसरले नव्हते. मुरूडची जी माणसे बाहेर नोकरीला होती त्यांच्याकडून वर्गणी जमवून गावच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी मुरूड फंड सुरू केला. आपले मंडळ गणपतीची वर्गणी काढते तसेच हे. फरक इतकाच की तो पैसा जिथून आपण निघालो तिथे परत जायचा.

1891 मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. लहानपणी लग्न झालेल्या, मुंबईच्या हालअपेष्टांत साथ दिलेल्या. त्यांच्यामागे मुलगा रघुनाथ. तेव्हाच्या रीतीप्रमाणे प्राध्यापकाला दुसरी मुलगी सहज मिळाली असती, आणि तीही दहा-बारा वर्षांची. कर्व्यांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच. मुंबईत बिऱ्हाड एकत्र केलेले मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले.

आणि मुरूडने दार बंद केले. ज्या गावाने त्यांच्याकडून वर्तमानपत्र ऐकले होते, ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला होता, त्याच गावाने सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांच्यासोबत सभेत बसायचे नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे असे ठरले. पोटच्या मुलाला घरात घेतले तर सगळे घर गावाबाहेर, अशी पाळी आईवर आली. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्यांनी खेड्यात दिवस काढले आहेत त्यांनाच कळेल. विहीर, न्हावी, भटजी, मयताला खांदा देणारी चार माणसे, सगळे एका दिवसात परके होते.

मी खेड्यात वाढलो. खेड्याचे कौतुक करणारे लेख वाचले की मला हसू येते. गाव जीव लावते हे खरे, पण जीव घेतेही. परक्या मुलाला ताटावर बसवणारी माणसे आपल्याच मुलाला उंबऱ्याबाहेर उभे करू शकतात. कर्व्यांना या दोन्ही गोष्टी एकाच गावाने दाखवल्या. म्हणून त्यांनी पुढे काय केले हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी गावाला शिव्या दिल्या नाहीत, आणि गावाची मर्जी सांभाळण्यासाठी घेतलेले पाऊल मागेही घेतले नाही.

विधवांचे लग्न लावून देण्याने थोड्याजणींचा प्रश्न सुटेल, पण शिक्षण मिळाले तर प्रत्येकीला स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. 1896 मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. स्वतःची शिल्लक आणि आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. पदरात लहान मुले असलेल्या बायांना याचा त्रास झाला, रागही आला, आणि तो रास्तच होता. पण हातावर हात धरून बसण्याऐवजी त्या नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेऊन आल्या आणि संसाराला हातभार लावू लागल्या. महर्षींचे चरित्र सांगताना बायांना वगळणे म्हणजे एका रुळावर गाडी चालवण्यासारखे आहे.

1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तिथे फ्लॅट घेणे आपल्यासारख्यांच्या आवाक्यात राहिलेले नाही. तेव्हा ते माळरान होते. त्यावर एक झोपडी उभारली आणि त्या झोपडीत विधवा मुली शिकू लागल्या. कॉलेज सुटले की कर्वे पुण्याहून आश्रमाचे सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजला यायचे. पावसाळ्यात वाट म्हणजे चिखल. साताऱ्याला चालत गेलेला विद्यार्थी आता चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक होता, पण चालणे सुटले नव्हते.

तिथे शिकायला आलेल्यांत बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. कोकणातून आलेली तरुण विधवा, पदरात मूल. शिकून त्या आश्रमाच्याच कार्यकर्त्या झाल्या आणि निधी गोळा करायला पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. खेड्यातल्या माजघराच्या अंधारात जन्म काढायचा असे जिचे ठरून गेले होते, तिला हिंगण्याच्या झोपडीने जग दाखवले.

त्यापुढचा भाग आपण शाळेत शिकलो आहोत, म्हणून थोडक्यात सांगतो. 1907 मध्ये महिला विद्यालय, 1908 मध्ये निष्काम कर्म मठ. 1914 मध्ये कॉलेजातून निवृत्ती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून 1916 मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना, तीही अगदी मूठभर विद्यार्थिनींवर. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. एसएनडीटी म्हणतात ते हेच. सत्तरी उलटल्यावर कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून आले.

या सगळ्यानंतर कुणीही आरामखुर्ची पत्करली असती. कर्व्यांनी 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या लहान खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढायच्या हे त्याचे काम. विद्यापीठ काढून झालेला माणूस पहिलीच्या वर्गाकडे परत आला. लाखांची देणगी मिळवणारा माणूस पुन्हा दारोदार फिरून आण्या-रुपयांची वर्गणी गोळा करू लागला. 1944 मध्ये त्यांनी समता संघ काढला. 1958 मध्ये भारतरत्न मिळाले, त्याच वर्षी शंभरी भरली आणि हयातीतच त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट निघाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या 105 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या मुरूडने त्यांना बाहेर ठेवले तिथे आज त्यांचा पुतळा आहे.

मोठी कामे माणूस उमेदीत करतो. 78 व्या वर्षी जे हाती घेतो ते मनात सर्वांत खोल दडलेले असते असे मला वाटते. कर्व्यांच्या मनात तळाशी मुरूडचे ते देऊळ, ते सोमण गुरुजी आणि वाचता न येणारी ती दमलेली माणसे असली पाहिजेत. गावाने अपमान केला म्हणून गावाचे ऋण फिटत नाही, हे त्यांनी कुठे भाषणात सांगितले की नाही याची मला गरज वाटत नाही. त्यांनी ते करून दाखवले.

आता त्या फोनबद्दल. गेल्या मे महिन्यात गावाहून आमच्या शाळासोबत्याचा फोन आला. आम्ही जिथे पहिली ते चौथी शिकलो त्या शाळेत आता अकरा मुले उरली आहेत. पावसाने एका खोलीची भिंत खचली आहे. बाहेर नोकरीला असलेल्यांनी थोडे थोडे दिले तर निदान मुलांना वाचायला पुस्तके आणि बसायला कोरडी जागा होईल, असे त्याचे म्हणणे. मी बघतो म्हणालो. पुन्हा फोन आला तेव्हा ड्यूटीवर आहे म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा उचललाच नाही. खरे सांगायचे तर गावावर माझाही जुना राग आहे. भाऊबंदकीत आमच्या वडिलांना जे सोसावे लागले ते मी विसरलेलो नाही. कऱ्हाडला पॉलिटेक्निकला गेलो तेव्हाच या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही असे मनाशी म्हटले होते.

पण मला अक्षर त्या शाळेनेच शिकवले. घरी कंदील नव्हता तेव्हा आमच्या गुरुजींनी मला संध्याकाळी स्वतःच्या खोलीत अभ्यासाला बसवले. त्यांची भाकरी मी खाल्ली आहे. भाऊबंदांचा हिशेब वेगळा आणि त्या भाकरीचा वेगळा. हे दोन हिशेब मी वीस वर्षे एकाच वहीत मांडत होतो.

पुस्तक वाचून संपले त्या दिवशी सकाळी रात्रपाळीवरून घरी येऊन मी सोबत्याला फोन लावला. रक्कम मोठी नाही, पण दरमहा पगारातून आधी बाजूला काढायची असे ठरवले आहे. येत्या नाताळच्या सुट्टीत मुलाला घेऊन गावी जाणार आहे. त्याने त्या अकरा मुलांना एखादे मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे असा आमचा करार झाला आहे. अडखळेल, म्हणून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे सराव चालू आहे. परवा त्याने पोस्टाच्या जुन्या तिकिटावरचे नाव स्वतःच वाचले.

आपल्या मंडळातली बहुतेक घरे अशीच कुठल्या ना कुठल्या गावाहून निघालेली आहेत. कुणी विदर्भातून, कुणी कोकणातून, कुणी देशावरून. बाप्पा दहा दिवसांनी आपल्या गावाला जातो. आपणही वर्षातून एकदा, निदान मनाने, आपापल्या गावाला जाऊन यावे एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!